जादा वजनाचा हिशेब

इंजिन नसलेले विमान हलके हवे, हे कोणालाही सांगावे लागत नाही. रेडिओ कंट्रोलचा ग्लायडर बांधणारा माणूस बाल्सा लाकूड तासून तासून चार-दोन ग्रॅम वाचवतो, गोंदही हात राखून लावतो. मात्र डोंगराच्या कडेवर वारा वाढला, की हाच माणूस त्याच ग्लायडरच्या पोटात चारशे ग्रॅम धातू भरतो. बघणाऱ्याला ही दोन्ही कामे एकाच डोक्यातून निघाली असतील असे वाटत नाही. ती एकाच विचारातून कशी निघतात, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. वारा डोंगराच्या उताराला धडकतो आणि वर चढतो. त्या चढत्या हवेत कडेला समांतर येरझारा घालत इंजिनाशिवाय तरंगत राहणे म्हणजे स्लोप सोअरिंग, आणि अशा उड्डाणासाठी ग्लायडरमध्ये मुद्दाम ठेवलेले वजन म्हणजे बॅलास्ट. त्याबद्दलचे आमचे म्हणणे थोडक्यात असे : जादा वजनाने ग्लायडरचे उडणे बिघडत नाही, तो तितकाच चांगला उडतो, पण जास्त वेगाला. या वेगाची किंमत उंचीत चुकवावी लागते. ती परवडेल की नाही हे त्या दिवशीचा वारा आणि समोरचा डोंगर ठरवतात. म्हणून वजनाला हात घालण्याआधी जागा वाचता आली पाहिजे.

हे विधान आकड्यांवर तपासता येते. दोन मीटर पंखविस्ताराचा, ३६ चौरस डेसिमीटर पंखक्षेत्राचा आणि १.२ किलो वजनाचा ग्लायडर घेऊ. त्याच्या पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ३३ ग्रॅम भार येतो; यालाच विंग लोडिंग म्हणतात. समजा हा ग्लायडर सेकंदाला ८ मीटर वेगाने सर्वांत किफायतशीर तरंगतो आणि तेव्हा सेकंदाला अर्धा मीटर खाली येतो, म्हणजे एक मीटर उंची खर्चून १६ मीटर पुढे जातो. आता त्यात ४०० ग्रॅम घातले तर भार ४४ ग्रॅमवर जातो. पंखाची उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे वजन एक-तृतीयांशाने वाढले तरी वेग वाढतो तो वर्गमुळाच्या हिशेबाने, सुमारे १५ टक्के. किफायतशीर वेग ९.२ मीटर होतो, खाली येण्याचा वेग ०.५८ मीटर होतो, आणि एका मीटरला १६ मीटर हे प्रमाण जवळपास तसेच राहते. समोरून ९ मीटरचा वारा असेल तर पहिला ग्लायडर त्याच्या उत्तम वेगालाही मागे सरकत डोंगराच्या पाठीकडे ढकलला जाईल. दुसरा जागा धरून राहील. प्रत्यक्षात लहान पंखांना वेग वाढल्याचा आणखी थोडा फायदा होतो, कारण लहान आकार आणि कमी वेग असताना हवेचा प्रवाह पंखाला नीट चिकटून वाहत नाही.

जाणकारांचा पहिला आक्षेप इथेच येतो. वेगच हवा असेल तर ट्रिम खाली करून नाक थोडे झुकवावे. ओझे कशासाठी वाहायचे? आक्षेप रास्त आहे, पण हिशेबात टिकत नाही. वेगाच्या वर्गाने वाढणारा घर्षणाचा भाग आणि वेग वाढला की घटणारा, उचलीपोटी येणारा भाग, असे विरोधाचे दोनच घटक धरणारे सोपे गणित केले, तर वरचा हलका ग्लायडर १६ मीटर वेगाला सेकंदाला सुमारे २.१ मीटर खाली येतो; बॅलास्ट भरलेला त्याच वेगाला सुमारे १.७ मीटर. नाक खाली घातल्याने वेग मिळतो, पण तो पंखाला न मानवणाऱ्या कोनात मिळतो. बॅलास्टने तोच वेग पंखाच्या सोयीच्या कोनाजवळ मिळतो. आता उताराकडून काय मिळते ते पाहू. २० अंशांच्या उतारावर ८ मीटरचा वारा उताराला धरून वर चढला, तर त्याचा ऊर्ध्व वेग फार तर २.७ मीटर भरतो, आणि कडेपासून जसे दूर जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. एवढ्या मिळकतीत १.७ चा खर्च सहज बसतो, २.१ चा कसाबसा. वारा निम्मा झाला तर मात्र १६ मीटर वेगाला दोघेही तोट्यात जातात आणि हलका ग्लायडर त्याच्या सावकाश वेगाला अर्ध्या मीटरच्या खर्चात तरंगत राहतो. वजनाचा फायदा वाऱ्यावर अवलंबून आहे, तो असा.

किंमत फक्त उंचीत चुकवली जात नाही. तेवढ्याच कलात वळताना वर्तुळाची त्रिज्या वजनाच्या प्रमाणात वाढते. आपल्या उदाहरणात तेहतीस टक्क्यांनी. चढत्या हवेचा पट्टा अरुंद असेल तर जड ग्लायडर वळणातच पट्ट्याबाहेर पडतो. ज्याच्या खाली उडणे थांबते तो किमान वेग, म्हणजे स्टॉलचा वेग, पंधरा टक्के वाढतो आणि उतरण्याची जागा लांब लागते. धडक बसली तर तिची ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट असते, कारण वजन आणि वेगाचा वर्ग दोन्ही वाढलेले असतात. किनाऱ्यावरच्या वाचकाला इथे शिडाच्या गलबताच्या तळाशी टाकलेले नीरम आठवेल. ती तुलना अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देते. नीरम गलबताला उलटण्यापासून वाचवते, तिथे वजनाचे काम स्थैर्याचे आहे. ग्लायडरमध्ये बॅलास्ट गुरुत्वमध्यावरच ठेवायचे असते, म्हणजे स्थैर्य आहे तसेच राहून फक्त वेग बदलतो. स्थैर्यासाठी नाकात घातलेले शिसे वेगळे आणि वेगासाठी मध्यावर घातलेले वेगळे. नवख्यांचे बहुतेक घोटाळे या दोहोंची सरमिसळ केल्याने होतात.

इतिहासातही ही दोन वजने वेगवेगळ्या वाटांनी आली. ओटो लिलिएंथालने १८९४ मध्ये बर्लिनजवळ मातीची टेकडी उभारून तिच्यावरून उड्या घेतल्या. त्याच्या ग्लायडरवर ताबा ठेवण्याचे साधन त्याचे स्वतःचे शरीर होते; १८९६ च्या ऑगस्टमध्ये ते अपुरे पडले आणि त्यात त्याचा जीव गेला. ऑर्व्हिल राइटने २४ ऑक्टोबर १९११ रोजी किटी हॉकच्या वाळूच्या टेकडीवर समोरच्या वाऱ्यात ९ मिनिटे ४५ सेकंद तरंगून दाखवले. त्या ग्लायडरच्या पुढे दांड्यावर वाळूची पिशवी बांधलेली होती. ते वजन तोल साधण्यासाठी होते. वेगासाठी वजन नेण्याची गरज नंतर निर्माण झाली. व्हर्सायच्या तहाने इंजिनाच्या विमानांवर बंधने आली तेव्हा जर्मन तरुण ऱ्होन डोंगररांगेतल्या वासरकुप्पेवर जमले. १९२० मध्ये तिथे पहिली स्पर्धा झाली आणि १९२२ पर्यंत उताराच्या वाऱ्यावर तासन् तास राहणे साधले. हवेत टिकण्याचा प्रश्न सुटल्यावर लांब आणि लवकर जाण्याचा प्रश्न उभा राहिला. मग पंखांत पाण्याच्या टाक्या आल्या : चढती हवा जोरदार असेल तर पाणी भरून निघायचे, ती मंदावली की आणि उतरण्यापूर्वी पाणी सोडून द्यायचे. किती वेगाने उडणे फायद्याचे, याचा हिशेब पुढे १९५६ मध्ये जगज्जेता झालेल्या पॉल मॅक्रेडीने वैमानिकांच्या हाती दिला. मुक्कामाला लवकर पोहोचायचे असेल तर पुढे मिळणाऱ्या चढत्या हवेच्या जोरावर आत्ताचा वेग ठरवावा, हे त्याचे सार आहे, आणि बॅलास्टचा निर्णय त्याच सूत्राचा विस्तार आहे.

मॉडेलच्या जगात हे ज्ञान उशिरा पण वेगाने आले. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन भावांनी १९३७ मध्ये रेडिओवर चालणारे मॉडेल उडवले. पुढे रेडिओ संच लहान आणि स्वस्त झाले, बाल्साच्या जोडीला फायबरग्लास आणि कार्बन आले, आणि साच्यातून काढलेले पंख इतके मजबूत झाले की त्यांच्यावर वजन लादणे शक्य झाले. आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन घराणी दिसतात. पहिले हलक्यांचे : मंद वाऱ्यात, क्षीण चढत्या हवेत टिकणे हा त्यांचा कस. हाताने भिरकावून उडवायच्या एफ३के वर्गाचे ग्लायडर या वृत्तीचे. दुसरे शर्यतीचे : एफएआय या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एफ३एफ वर्गात डोंगराच्या कडेने १०० मीटरच्या १० फेऱ्या कमीत कमी वेळात पूर्ण करायच्या असतात. तिथे वजनाची कमाल मर्यादा ५ किलो आणि विंग लोडिंगची ७५ ग्रॅम आहे. नियमाने मर्यादा घालावी लागली, यातच बॅलास्टचे महत्त्व कळते. तिसरे डायनॅमिक सोअरिंगचे : डोंगराच्या आडोशाची शांत हवा आणि वरचा वेगवान वारा यांच्या सीमेवर गोल फिरत प्रत्येक फेरीत वेग कमवायचा. पक्षी ही युक्ती कशी वापरत असावेत हे लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्ये मांडले होते. २०२१ मध्ये स्पेन्सर लिसेनबी यांच्या इंजिनविरहित मॉडेलने याच युक्तीने ताशी ८८२ किलोमीटर गाठले. या तिन्ही घराण्यांचा वाद वरवर वजनाचा दिसतो, पण प्रत्येकाने आपापल्या हवेसाठी तेच गणित सोडवलेले आहे.

घराण्यांत खरा मतभेद आहे तो वजन कुठे ठेवावे याबद्दल. एक मत धडाच्या नळीत ठेवण्याचे : सोपे, काढघालीला सोयीचे, कलंडण्याच्या चपळतेला बाधा न आणणारे. पण मग धडातले सगळे वजन पंखांच्या सांध्याने पेलायचे असते. दुसरे मत पंखांतच नळ्या बसवण्याचे. उचल जिथे निर्माण होते त्याच्या जवळच वजन आल्याने पंखाच्या मुख्य दांडीवरचा, स्पारवरचा, ताण हलका होतो, पण दोन्ही बाजू काटेकोर सारख्या भराव्या लागतात. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : वजन जागचे हलता कामा नये. शंभर ग्रॅमची एक पितळी कांडी १.२ किलोच्या ग्लायडरमध्ये गुरुत्वमध्याच्या एक सेंटीमीटर मागे बसली, तर मध्य पाऊण मिलिमीटरने मागे जातो. कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच कांडी नळीत मोकळी राहिली आणि नाक वर करताच दहा सेंटीमीटर मागे घसरली, तर मध्य साडेसात मिलिमीटरहून अधिक सरकतो. वीस सेंटीमीटर रुंदीच्या पंखाला हा सुमारे चार टक्क्यांचा फरक झाला, आणि नाक वर करतानाच तो घडल्याने नाक आणखी वर जाते, ग्लायडर स्टॉल होतो. म्हणून कांडीच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे ठासून भरायचे, नळीचे तोंड बंद करायचे, आणि वजन घातल्यावर ग्लायडर पुन्हा दोन बोटांवर तोलून पाहायचा. पाण्याच्या टाकीसारखी ऐन हवेत वजन सोडण्याची सोय मॉडेलमध्ये सहसा नसते. जमिनीवर घेतलेला निर्णय उतरेपर्यंत बांधील असतो, आणि त्यामुळेच तो विचारपूर्वक घ्यावा लागतो.

या पुस्तकाने हा विषय डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या भूगोलावर मांडला आहे. पश्चिमेला डहाणू-घोलवड-बोर्डीची किनारपट्टी, सुरूची बने, चिकूच्या वाड्या. पूर्वेला वारली पाडे आणि सह्याद्रीकडे चढत जाणारे डोंगर. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे आणि पहाटे जमिनीवरून जाणारे मतलई वारे हे शाळेच्या भूगोलातले धडे इथे रोज प्रत्यक्षात घडतात. हिवाळ्याच्या सकाळी पूर्वेकडचा उतार कामाचा, दुपारी पश्चिमेकडचा. पावसाळ्याच्या तोंडावर नैर्ऋत्येचा जोर. पण वारा आणि डोंगर जुळले की काम झाले, असे नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा सुळका दुरूनही नजरेत भरतो. उचलीच्या दृष्टीने मात्र सुळका फसवा, कारण वारा त्याच्यावर चढण्याऐवजी दोन्ही बाजूंनी वळसा घालून निघून जातो. त्याच्यापेक्षा वाऱ्याला आडवी पसरलेली, पुढे मोकळे मैदान असलेली बुटकी धार बरी. उंचीने मोठी असलेली जागा उड्डाणाला चांगली असेलच असे नाही. बाहरोटच्या गुंफांचा सुमारे १,५०० फुटी डोंगर पारशी समाजाच्या इतिहासातले श्रद्धास्थान आहे, आणि अशा जागा आकार समजून घेण्यासाठी बघाव्यात, ग्लायडर उडवण्यासाठी नव्हे. शिवाय किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाआड किंवा चिकूच्या दाट वाडीमागे वारा घुसळलेला असतो. तिथे वेग असला तरी वापरता येत नाही.

यावर असे म्हणता येईल, की या भागातला वर्षातला बराचसा वारा मध्यम असतो. बॅलास्टचा ग्रंथ कोकण किनाऱ्याला कशाला? उत्तर असे, की 'आज शून्य' हेही बॅलास्टच्या प्रश्नाचेच उत्तर आहे आणि ते मोजूनच मिळते. कडेवर धरलेला साधा वातमापक आणि ग्लायडरचे विंग लोडिंग, एवढ्यावर निर्णय घेता येतो. जागा आणखी एक गोष्ट ठरवते : बॅलास्टचा धातू. घनसेंटीमीटरला ११.३ ग्रॅम भरणारे शिसे स्वस्त आणि आटोपशीर. मासेमारीच्या जाळ्यांसाठी ते बंदरात सहज मिळते. पोलाद ७.८, पितळ साधारण ८.५. चारशे ग्रॅमला शिसे ३५ घनसेंटीमीटर जागा घेते आणि पोलाद ५१. केवळ जागेचा विचार केला तर शिसेच जिंकते. पण केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला, १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. अशा जंगलात ग्लायडर कोसळला आणि शिशाचे तुकडे ओहोळात सांडले, तर ते विष तिथेच राहते. घरच्या चुलीवर शिसे वितळवणे तर त्याहून घातक. म्हणून हे पुस्तक थोडी जाड नळी पत्करून पोलादाची बाजू घेते. डहाणूच्या थर्मल पॉवर स्टेशनमधून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारा, पश्चिम रेल्वेची ओव्हरहेड वायर, महामार्ग आणि वनखात्याची परवानगी यांचा विचार तर वारा मोजण्याच्याही आधी करायचा.

हा विषय आजच का, याचे एक कारण कायद्यात आहे. ड्रोन नियम, २०२१ ची वर्गवारी उपकरणाच्या एकूण वजनावर बेतलेली आहे : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. एकूण वजन म्हणजे आत ठेवलेले सगळे वजन धरून. १.८ किलोचा ग्लायडर ३०० ग्रॅम बॅलास्ट घेऊन नुसता जड होत नाही, तो दोन किलोची रेषाही ओलांडतो. दुसरे कारण शिक्षणात आहे. ड्रोन हाताळणारी मुले गावोगाव दिसू लागली आहेत. पण संगणक तोल सांभाळतो आणि मोटर उंची देते, तेव्हा उडण्याचे शास्त्र डब्यात बंद राहते. ग्लायडरमध्ये लपवायला काहीच नसते. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवले जाते, हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडर उडतात. उताराच्या वाऱ्याची जाण या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

सर्वांत टोकदार आक्षेप पैशाचा आहे. जिथे पोटापाण्यासाठी हंगामी स्थलांतर चुकत नाही, त्या तालुक्यांत हा चोचला का? कार्बनचे साच्यातले ग्लायडर इथे चोचलाच ठरतील, हे मान्य. पण याच भागात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह बालशिक्षण परिसरातल्या स्वस्त वस्तूंवर उभे करून दाखवले. महागड्या साहित्याशिवाय शास्त्रशुद्ध शिक्षण होत नाही, हा समज इथे पूर्वीच खोडला गेला आहे. फोमचा पंख, बांबूची किंवा अॅल्युमिनियमची नळी आणि हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट यांतून वर्गमुळाचा नियम डोळ्यांसमोर पडताळता येतो. रेडिओ संचाचा खर्च उरतो. तो एका मुलाने नव्हे, एका शाळेने करायचा आहे. आश्रमशाळेतल्या विद्यार्थ्याला वाऱ्याची दिशा आणि उताराचा स्वभाव शिकवावा लागत नाही. त्याच्याजवळ असलेल्या त्या माहितीला सूत्राची जोड द्यायची आहे.

या पुस्तकाचा प्रयत्न त्यामुळे मर्यादित ठेवला आहे. विमानशास्त्राचा पूर्ण अभ्यासक्रम यात नाही, शर्यती जिंकण्याची हमीही नाही. आधी जागा आणि वारा, मग पंख, मग तोल, आणि शेवटी वजन, हा क्रम मुद्दाम राखला आहे. बाजारातली माहितीपत्रके नेमकी उलट्या क्रमाने जातात. प्रत्येक सूत्रासोबत वाचकाने स्वतः भरायचा तक्ता आहे : तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि वेग, घातलेले वजन, गुरुत्वमध्य, आणि ग्लायडर पुढे सरकला, थांबला की मागे गेला. परदेशी डोंगरांचे तयार आकडे आणून इथे चिकटवण्यापेक्षा अशा शंभर नोंदी अधिक उपयोगाच्या ठरतील, कारण या उतारांना आणि या खाऱ्या वाऱ्यांना लागू पडणारे बॅलास्टचे कोष्टक इथल्याच नोंदींतून तयार व्हायचे आहे. वाचकाने या पुस्तकातले आकडे त्या नोंदींशी ताडून पाहावेत, आणि जिथे ते जुळणार नाहीत तिथे स्वतःच्या वहीवर विश्वास ठेवावा.